कुकम: थेम्सकाठच्या एका पैसेवाल्या गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेडनहेडला राहायला येऊन बरीच वर्षं झाली. दर एप्रिल-मेमध्ये ओळखीतल्या कुणाचे ना कुणाचे आई-वडील पुण्याहून, नाशिकहून सुट्टीला येतात. लंडन बघून होतं, विंडसर होतं, आणि मग मला फोन येतो: "ते तुमचं नदीकाठचं श्रीमंत गाव दाखवायचंय, जायचं कसं?" तीच उत्तरं दर वेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून सगळी एका ठिकाणी लिहून ठेवतोय.

गावाचं नाव नक्की म्हणायचं कसं?

कुकम. स्पेलिंग बघून कूकहॅम म्हणायचा मोह होतो, पण शेवटचा 'हॅम' इथे गिळून टाकायचा असतो, बर्मिंगममध्ये गिळतात तसाच. शेजारच्या मोठ्या वाड्याचं नाव क्लिव्हडन. 'क्लाइव्ह'शी त्याचा काही संबंध नाही. नदीला इथले लोक 'टेम्झ' म्हणतात. आपण मराठीत पिढ्यान्‌पिढ्या थेम्स लिहीत आलोय आणि मीही तेच लिहिणार.

हे आहे कुठे?

लंडनच्या पश्चिमेला, बर्कशर परगण्यात, मेडनहेडच्या थोडं वर. नदी ओलांडली की बकिंगहॅमशर सुरू होतं. कुकम म्हणजे खरं तर तीन वस्त्या आहेत. नदीला लागून आहे ते मूळ गाव, म्हणजे कुकम व्हिलेज. रेल्वे स्टेशनच्या भोवती वाढलं ते कुकम राइझ. आणि टेकडीवर, झाडीत विखुरलेलं ते कुकम डीन. तिन्ही मिळून लोकवस्ती सहा हजारांच्या आतबाहेर. पहिल्यांदा येणारे स्टेशनबाहेर उभे राहून "हे? हेच का ते गाव?" असं विचारतात. नाही. गाव अजून पंधरा मिनिटं पुढे आहे, चालत राहा.

श्रीमंत म्हणजे किती श्रीमंत? आणि कशामुळे?

2011 साली 'डेली टेलिग्राफ'ने ब्रिटनमधल्या श्रीमंत गावांची यादी काढली, तिच्यात कुकम दुसरं होतं. तेव्हापासून हे बिरुद गावाला चिकटलंय आणि घरांचे दलाल ते निगुतीने पुसून-पासून वापरतात.

मुळात हे काही सरदार-जमीनदारांचं गाव नव्हे. शेतकरी, नावाडी, बिअरसाठी सातू भिजवून माल्ट करणारे, अशांची ही वस्ती. 1854 साली मेडनहेडहून रेल्वे आली आणि लंडनच्या माणसांना शनिवार-रविवारी नदीवर येणं सोपं झालं. त्यांतले काही मुक्कामालाच राहिले. पुढे मोटारींचे मोठे रस्ते झाले, एम-4 एका बाजूला आणि एम-40 दुसऱ्या बाजूला. हीथ्रो विमानतळही जवळ आला. हे सगळं असताना लंडनभोवतीच्या हरित पट्ट्यामुळे नवी बांधकामं मात्र जवळपास बंद. येणारे वाढले आणि घरं तेवढीच राहिली. मग भाव कुठे जाणार?

ही श्रीमंती शोधायला गेलात तर फारशी दिसत नाही. कापून सरळ केलेलं उंच कुंपण, आत बारीक खडीचा रस्ता, भिंतीवर चढलेली जांभळ्या घोसांची विस्टेरिया, नदीकडे 'खासगी धक्का' अशी पाटी, बस. काय भावाने चाललंय ते हाय स्ट्रीटवरच्या दलालाच्या काचेत कळतं. आमच्या सासऱ्यांनी तिथे उभं राहून आकडे रुपयांत करायला घेतले आणि मध्येच सोडून दिले.

गंमत अशी, की या गावात बघण्यासारखं जे आहे ते बहुतेक कुंपणाबाहेर आहे. मूर, कॉक मार्श, विंटर हिल ही इथली गायरानं. 1934 मध्ये स्थानिक लोकांनी वर्गणी काढून मेडनहेड-कुकम भागातली ही गायरानं विकत घेतली आणि नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. साडेआठशे एकरांच्या आसपास जमीन. तिच्यावर आज कुणीही चालावं, बसावं, डबा खावा. वर्गणी काढणाऱ्यांचे आभार मानत मी दर रविवारी तिथे फुकट फिरतो.

लंडनहून जायचं कसं?

पॅडिंग्टनहून एलिझाबेथ लाइन किंवा मोठ्या लाइनची गाडी पकडून मेडनहेडला या. तिथे फलाट बदलून मार्लोला जाणारी छोटी गाडी पकडा. पहिलं स्टेशन फर्झ प्लॅट, दुसरं कुकम. या गाडीला लोक लाडाने 'मार्लो डाँकी', म्हणजे मार्लोचं गाढव म्हणतात. तासाला साधारण एकच असते, त्यामुळे वेळापत्रक आधी बघून ठेवा.

एक सूचना. लंडनचं ऑयस्टर कार्ड मेडनहेडला चालत नाही. पाहुण्यांच्या हातात आपण तेच ठेवतो आणि मग फाटकापाशी गोंधळ होतो. मेडनहेडपर्यंत बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. छोट्या गाडीसाठी आपलं साधं तिकीट काढावं, म्हणजे डोक्याला ताप नाही.

मोटारीने येणार असाल तर उन्हाळ्यातल्या रविवारी अकराच्या आत पोचा. हाय स्ट्रीट अरुंद आहे, पुलावर एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात, आणि जागा शोधत फिरणाऱ्यांत निम्मे तुमच्यासारखेच असतात.

एक स्टेशन पुढे गेलो तर?

तर नशीबवान आहात. आमचं तसंच झालं होतं. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा बोलण्याच्या नादात कुकम निघून गेलं आणि आम्ही बोर्न एंडला पोचलो. तिथे गाडी थांबली, चालक आपली पिशवी घेऊन उतरला, फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाला गेला आणि गाडी उलटी निघाली. बाबा दचकले. "अरे, ही परत कुठे चालली?" परत नव्हती चालली. बोर्न एंडहून पुढे हाय वायकोमला जाणारा रूळ 1970 मध्ये बंद झाला, तेव्हापासून मार्लोची प्रत्येक गाडी इथे तोंड फिरवते.

आम्ही उतरलो आणि चालायला लागलो. रेल्वेच्या पुलालाच बाजूने पायवाट जोडलेली आहे. तिच्यावरून नदी ओलांडली की डावीकडे थेम्स आणि उजवीकडे कॉक मार्शचं मोकळं कुरण. काठावर एक पब लागतो, 'द बाउंटी'. तिथे मोटार जात नाही. चालत या, नाहीतर होडीने या. पुढे नदी सोडायची नाही, पाऊण तासात कुकमचा पूल दिसतो. तेव्हापासून पाहुण्यांना मी मुद्दामच बोर्न एंडला उतरवतो.

कुरणात गाई सुट्ट्या असतात. आईला इंग्लंडात सर्वांत आवडलेली गोष्ट कोणती म्हणाल तर ही: साडीवर स्पोर्ट्‌स शूज घालून गाईच्या पाठीवर थाप मारणं. तुम्ही मात्र वासरू बरोबर असेल तर लांबून जा. त्याच कुरणात कांस्ययुगातल्या लोकांनी मृतांवर रचलेले मातीचे चार गोल उंचवटे आहेत. सांगितल्याशिवाय कळत नाहीत, गाई त्यांच्यावर निवांत रवंथ करत बसतात.

वेळ कमी आहे. काय बघू आणि कोणत्या क्रमाने?

तीन तास धरा. स्टेशनवरून मूर ओलांडून हाय स्ट्रीट, तिथली स्टॅन्ली स्पेन्सर गॅलरी, मग होली ट्रिनिटी चर्च आणि त्याचं आवार, तिथून नदीचा काठ आणि पूल. परत येताना मूरवर बसून चहा. क्रमात बदल केला तरी एवढं पाळा: गॅलरी आधी, चर्चचं आवार नंतर. का ते पुढच्या उत्तरात.

हे स्टॅन्ली स्पेन्सर कोण? गावभर त्यांचंच नाव दिसतं.

विसाव्या शतकातले मोठे इंग्रज चित्रकार. 30 जून 1891 रोजी याच हाय स्ट्रीटवर, 'फर्नली' नावाच्या घरात जन्मले. घर आजोबांनी बांधलेलं, आजोबांचा बांधकामाचाच धंदा होता. वडील संगीत शिकवायचे आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. घर अजून उभं आहे, भिंतीवर पाटी आहे, पण लोक राहतात तिथे, त्यामुळे बाहेरूनच बघा.

1908 ते 1912 ते लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकले. तिथे राहिले मात्र नाहीत. रोज गाडीने जायचे आणि संध्याकाळच्या चहाला घरी परत. वर्गातल्या पोरांनी त्यांचं नावच 'कुकम' पाडलं. त्यांच्यासाठी हे गाव म्हणजे स्वर्गातलंच एक गाव होतं, आणि ते त्यांनी शब्दशः घेतलं. बायबलमधल्या सगळ्या गोष्टी त्यांनी कुकममध्ये घडवल्या. येशू क्रूस वाहून नेतोय तो हाय स्ट्रीटवरून. शेवटचं भोजन चाललंय ते गावातल्या माल्टच्या कोठारात, लाल विटांच्या भिंतीशी, आणि टेबलाखालून शिष्यांचे पाय लांबच लांब पसरलेले. आपल्याकडे विठोबा जनाबाईच्या घरी दळायला बसतो, त्याचं आपल्याला नवल वाटत नाही. मला वाटतं म्हणूनच मराठी माणसाला स्पेन्सर लवकर कळतो. इंग्रज समीक्षक मात्र त्यांना बराच काळ 'विक्षिप्त' म्हणत बसले.

पहिल्या महायुद्धात ते आधी ब्रिस्टलच्या लष्करी इस्पितळात आणि मग मॅसिडोनियाच्या आघाडीवर होते. जाताना घरी एक चित्र अर्धवट ठेवून गेले होते: पुलाजवळच्या होडीवाल्यांच्या अंगणात नदीवरचे हंस धरून आणलेत, असं. 1915 मध्ये सुरू केलेलं ते चित्र 1919 मध्ये परत आल्यावर पूर्ण झालं. दरम्यान सिडनी हा भाऊ युद्धात गेला होता. चित्राचा वरचा भाग आधीचा आणि खालचा नंतरचा. लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात ते बघाल तेव्हा वरून खाली नजर फिरवा.

टेटमध्येच त्यांचं सर्वांत गाजलेलं चित्र आहे, 'द रेझरेक्शन, कुकम'. 1924 ते 1927 अशी तीन वर्षं लागली. लांबी साडेपाच मीटर. कयामतीच्या दिवशी कुकमच्या चर्चच्या आवारातली थडगी उघडतात आणि मेलेली माणसं आळोखेपिळोखे देत बाहेर येतात. कुणी दुसऱ्याचा कोट झटकतंय, कुणी फुलाचा वास घेतंय. स्पेन्सर स्वतः एका थडग्याला टेकून उघडेच उभे आहेत, आणि पत्नी हिल्डा एकदा नव्हे, तीनदा दिसते. मागे नदीवर होडी लागली आहे, तिच्यातून मंडळी स्वर्गाला निघालीत, रविवारी सहलीला निघावी तशी.

आता कळलं, गॅलरी आधी आणि आवार नंतर का ते? त्या आवारात उभं राहिलं की तुम्ही चित्रातच उभे असता.

त्यांच्या दोन लग्नांची काय भानगड आहे?

विचारणार हे माहीत होतं. 1925 मध्ये हिल्डा कार्लाइनशी लग्न झालं, तीही चित्रकार. दोन मुली झाल्या. मग गावातच राहणाऱ्या पॅट्रिशिया प्रीस या चित्रकर्तीच्या मागे स्पेन्सर वेडे झाले. 1937 मध्ये हिल्डाशी घटस्फोट, आणि चार दिवसांत पॅट्रिशियाशी लग्न. आपलं घर त्यांनी तिच्या नावावर करून दिलं. ती त्यांच्याबरोबर एक दिवसही राहिली नाही. डोरोथी हेपवर्थ या आपल्या मैत्रिणीबरोबरच राहिली आणि स्पेन्सरना ना घर उरलं ना संसार. ते आयुष्यभर हिल्डालाच पत्रं लिहीत राहिले. 1950 मध्ये ती गेली, तरी पत्रं थांबली नाहीत.

1959 मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला, त्याच वर्षी 14 डिसेंबरला ते गेले. चर्चच्या आवारात वाटेशेजारी एक साधा छोटा दगड आहे. त्याच्यावर त्यांच्या नावासोबत हिल्डाचंच नाव आहे.

गॅलरी छोटी आहे म्हणतात. तिकीट काढून जावी का?

जावी. एकच दालन आहे, अर्ध्या-पाऊण तासात होते. 1962 पासून ती एका जुन्या मेथडिस्ट प्रार्थनागृहात भरते. लहानपणी स्पेन्सरना त्यांची आई याच प्रार्थनागृहात घेऊन यायची. म्हणजे बाकावर चुळबुळ करत बसलेल्या पोराची चित्रं आता त्याच भिंतींवर आहेत.

दोन गोष्टी चुकवू नका. एक, शेवटचं अपुरं राहिलेलं प्रचंड चित्र: कुकमच्या होड्यांच्या शर्यतीत येशू प्रवचन देतोय. तो नदी ओलांडायच्या जुन्या नावेत, वेताच्या खुर्चीत पुढे झुकून बसलाय. काही भाग रंगवून झालेला आणि बाकी नुसत्या पेन्सिलीच्या रेषा. मोठा माणूस काम कसं करायचा ते इतकं उघडं क्वचित बघायला मिळतं. दुसरी गोष्ट, बाबागाडी. स्पेन्सर आपले रंग, चित्र टेकवायचा घोडा (ईझल) आणि छत्री एका मोडक्या बाबागाडीत भरून गावभर ढकलत न्यायचे आणि जागा सापडली की तिथेच चित्र मांडायचे. ती गाडी आहे तशी ठेवली आहे. लोकांनी गप्पा मारून काम बिघडवू नये म्हणून ते सोबत एक पाटीही ठेवत. घरून काम करणाऱ्यांनी ही कल्पना घेण्यासारखी आहे.

मांडणी अधूनमधून बदलते आणि हिवाळ्यात गॅलरी आठवड्यातले मोजकेच दिवस उघडी असते. निघण्याआधी त्यांची साइट बघा.

चर्च आतून बघता येतं का? चालतं का आपल्याला?

चालतं, कुणी काही विचारत नाही. प्रार्थना चालू असेल तर थांबावं. होली ट्रिनिटीची मूळ इमारत बाराव्या शतकातली आहे, मनोरा नंतरचा. मनोऱ्यावर घड्याळही आहे आणि सूर्यघड्याळही, एकमेकांशी त्यांचं पटलंच पाहिजे असं नाही. बाराव्या शतकात इथे एक तपस्विनी भिंतीलगतच्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन राहायची आणि राजा दुसरा हेन्री तिचा खर्च द्यायचा. आत भिंतीवर सर आयझॅक पोकॉक यांचं शिल्प शोधा. 1810 मध्ये ते थेम्सवर होडीत असतानाच गेले. फ्लॅक्समन या शिल्पकाराने तोच क्षण दगडात धरलाय, होडीसकट.

हंस मोजायला राजाची माणसं येतात, हे खरं का?

अगदी खरं, आणि जमलं तर त्याच आठवड्यात या. 'स्वान अपिंग' दर वर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाच दिवस चालतं. वल्ह्यांच्या होड्या सनबरीहून ॲबिंग्डनकडे प्रवाहाविरुद्ध निघतात. कुकमच्या पट्ट्यात त्या सहसा मंगळवारी येतात.

मामला असा: उघड्या पाण्यावरच्या, खूण नसलेल्या मूक हंसांवर मालकी सांगण्याचा हक्क राजाचा. थेम्सवर मात्र आणखी दोन भागीदार आहेत, लंडनच्या व्हिंटनर्स आणि डायर्स या जुन्या श्रेणी, म्हणजे व्यावसायिकांच्या संघटना, एक दारूविक्यांची आणि एक रंगाऱ्यांची. पूर्वी हे सगळं ताटात हंस वाढण्यासाठी होतं. आता कुणी खात नाही. आता पिल्लं मोजतात, वजन करतात, गळ किंवा दोरा अडकून जखम झालीय का ते बघतात. पिल्लांचं कुटुंब दिसलं की "ऑल अप!" अशी आरोळी होते आणि होड्या चहूबाजूंनी वेढा घालतात. राजाच्या हंसांना खूण करत नाहीत, दोन्ही श्रेणींच्या हंसांच्या पायात कडी घालतात. राजाचा अधिकारी लाल कोटात असतो आणि टोपीत हंसाचं पीस असतं.

काठावर मुलांना पुढे जाऊ देतात. आमच्या मुलीने एका पिल्लाला बोट लावलं. करडं, ओलसर, आणि भयंकर चिडलेलं. अंदाजे वेळा दर वर्षी आधी जाहीर होतात. तासभर इकडेतिकडे धरूनच चला.

पुलाचं एवढं काय?

विशेष काही नाही, म्हणूनच आवडतो. आधी 1840 चा लाकडी पूल होता, 1867 मध्ये हा लोखंडी आला. थेम्सवरचा त्या मापाचा सर्वांत स्वस्त पूल अशी त्याची ख्याती आहे. श्रीमंत गावाच्या दारात स्वस्त पूल! 1947 पर्यंत टोल द्यावा लागायचा आणि टोलवाल्याचं घर अजून टोकाला आहे. पुलावर मधोमध उभे राहून खालच्या अंगाला बघा. नदी इथे फुटून तीन-चार फाटे होतात, मध्ये बेटं आहेत. त्यांतल्या सॅशेस बेटावर राजा आल्फ्रेडच्या काळात व्हायकिंगांना अडवण्यासाठी तटबंदी होती. आज तिथे गवत आहे.

हाय स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा तो दगड कसला?

टॅरी स्टोन. 1507 पूर्वी याच्याजवळ गावचे खेळ भरत, असं पाटीवर लिहिलंय. एकदा हलवून परत बसवलाय. फोटो काढा आणि पुढे चला.

मुलांना कंटाळा येईल का?

'द विंड इन द विलोज' वाचलं असेल तर येणार नाही. केनेथ ग्रॅहम लहानपणी कुकम डीनला आजीकडे राहिले. मोठेपणी बँक ऑफ इंग्लंडमध्ये नोकरी करत असताना 1906 मध्ये परत इथे आले, आणि 1908 मध्ये ते पुस्तक निघालं. त्यातलं भीतिदायक जंगल म्हणजे टेकडीवरचं क्वारी वुड असं मानतात. बीचच्या झाडांची मुळं जमिनीबाहेर अशी वळवळलेली आहेत, की संध्याकाळी मोठ्यांनाही जरा हात धरावासा वाटतो. मोटारवेडा बेडूक गावातल्याच एका कर्नलवरून सुचला असंही सांगतात. गावात पहिली मोटार त्यांचीच होती म्हणे.

पुस्तक वाचलं नसेल तर बदकं आहेत. ती कधी कंटाळवाणी होत नाहीत.

नदीत उतरता येतं का?

ओडनीच्या बाजूला उन्हाळ्यात लोक पोहतात. मी घोट्याच्या वर जात नाही. बंधाऱ्याजवळ ओढ जबरदस्त असते आणि पाणी जूनमध्येही हाडं गोठवतं. मोठा पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस तर पाण्यात जाऊच नका, इंग्लंडातल्या नद्यांत तेव्हा सांडपाणी सोडलं जातं. एवढ्या पैशांच्या गावातही त्यावर उपाय नाही.

गणपती विसर्जन, निर्माल्य, दिवे सोडणं चालेल का?

नको. परवानगीशिवाय नदीत काही सोडायचं नाही, आणि हार-दोरे हंसांच्या गळ्यात अडकतात. गणपती घरी बादलीत, आणि ते पाणी बागेत.

शाकाहारी माणसाच्या पोटाचं काय?

हाल होत नाहीत. पबमध्ये एक-दोन तरी बिनमांसाचे पदार्थ असतातच, फक्त वर ओतलेला रस्सा कशाचा ते विचारून घ्या. रविवारच्या 'रोस्ट'मध्ये भाज्या शाकाहारी दिसतात, पण बटाटे कधीकधी बदकाच्या चरबीत भाजलेले असतात. हाय स्ट्रीटवर भारतीय जेवणही मिळतं. 'बेल अँड द ड्रॅगन' ही सराई आपलं साल 1417 सांगते, आत बसून एक कॉफी घेतली तरी तुळया बघायला मिळतात. कुकम डीनचा 'जॉली फार्मर' 1987 मध्ये गावकऱ्यांनीच मिळून विकत घेतला.

खरं सांगू? डबा न्या. मूरवर चटई टाकून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यासारखं दुसरं काही नाही. एकदा एका लॅब्राडोरने आईच्या हातातली दशमी अलगद उचलली. मालकीणबाईंनी इतक्यांदा माफी मागितली की शेवटी आईनेच त्यांनाही एक दिली. त्यांनी ती तिथेच खाल्ली आणि "हे विकत कुठे मिळतं?" म्हणून विचारलं.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. झेपेल?

मूरवरची वाट, हाय स्ट्रीट, चर्च आणि पूल, हे सगळं सपाट आहे. मूरमध्ये उंचावलेला पायरस्ता आहे, तो पुराच्या दिवसांसाठीच बांधलेला. कॉक मार्शची वाट सपाट, पण मातीची. विंटर हिलचा चढ मात्र टाळा, तिथे मोटारीने जा. वरून थेम्सचं खोरं आणि मार्लोची बाजू असा देखावा दिसतो की चढ वाचवल्याची लाज वाटत नाही. स्टेशनवर स्वच्छतागृह असेल असं धरून चालू नका, मेडनहेडलाच उरकून घ्या.

कोणत्या दिवसांत यावं?

मे ते सप्टेंबर. एप्रिलअखेरीस जंगलात निळ्या फुलांचे गालिचे असतात, ते जमलं तर उत्तम. जानेवारी-फेब्रुवारीत थेम्स फुगली की मूरचं तळं होतं. 2014 च्या फेब्रुवारीत तर गावाभोवती पाणीच पाणी होतं. मेडनहेड-विंडसर वाचवायला 2002 मध्ये जुबिली रिव्हर हा साडेअकरा किलोमीटरचा कालवा काढला, पण तो कुकमच्या खाली सुरू होतो. त्यावरून इथे कुणाशी बोलायला लागाल तर अर्धा तास गेला म्हणून समजा. पुराच्या इशाऱ्यात कॉक मार्शची वाट धरू नका.

एका दिवसात क्लिव्हडन किंवा ब्रे जोडता येईल?

क्लिव्हडन जोडा, पण मोटार हवी. नदीपलीकडे कड्यावरचा ॲस्टर घराण्याचा वाडा आता हॉटेल आहे, बागा नॅशनल ट्रस्टच्या. 1961 मध्ये युद्धमंत्री प्रोफ्युमो आणि क्रिस्टीन कीलर यांची गाठ याच वाड्याच्या पोहण्याच्या तलावाशी पडली आणि दोन वर्षांनी मंत्र्यांची खुर्ची गेली.

ब्रे हे मेडनहेडच्या खालच्या अंगाचं, तितकंच पैसेवालं गाव. तिथे लोक फक्त जेवायला जातात. 1972 चं 'वॉटरसाइड इन' आणि 1995 चं 'फॅट डक', दोन्ही मिशेलिनच्या तीन ताऱ्यांची. कित्येक आठवडे आधी जागा राखावी लागते आणि बिलात आपल्याकडे चौघांचं महाबळेश्वर होतं. मी एकदाही गेलेलो नाही, कुणी नेणार असेल तर हे पान लिहिणाऱ्याला विसरू नका.

परतीला किती वाजता निघावं?

गाडी तासाला एक, म्हणजे चुकली तर मूरवर अजून एक तास. पुलापासून स्टेशन वीस-पंचवीस मिनिटं धरा, आई-बाबा बरोबर असतील तर पस्तीस. मूरच्या टोकाशी मागे वळून एकदा बघतात सगळेच, तेवढी पाच मिनिटं वर ठेवा. आणि स्टेशनजवळच्या फाटकाचा लाल दिवा लागलेला दिसला तर पळू नका. ती गाडी तुमचीच असेल असं नाही, मार्लोकडे जाणारी पण याच एका फलाटावर येते.